तडीपारीचा कागद हातात पडला, आता जायचं कुठं?

सांगलीत कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे, एकोणीस वर्षं झाली. "मावशी, पोराला तडीपार केलंय, कोर्टात अपील टाकायचंय," म्हणत कुणाची तरी आई येते. मी आधी विचारते, कागद कधी मिळाला? मुदत तीस दिवसांची, आणि ती आदेश बजावल्यापासून धावते. म्हणून सही करताना खाली तारीख घालायचीच. पोलीस थांबतात तेवढं.

दुसरं म्हणजे, हे अपील कोर्टात जातच नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५५, ५६ किंवा ५७ खाली आदेश निघाला असेल, तर कलम ६० प्रमाणे अपील सरकारकडं. आमच्या भागातलं पुण्याला विभागीय आयुक्तांकडं जातं. दोन प्रती लागतात, सोबत आदेश किंवा त्याची सही-शिक्क्याची नक्कल.

अपील टाकलं म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. एक पोरगा अपिलाची पोच खिशात घालून घरी जेवायला आला. ताट अर्ध्यावर सोडून उचलला त्याला. परवानगीशिवाय हद्दीत आलं की कलम १४२ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद. कोर्टाची तारीख असली तरी लेखी परवानगी हातात असू द्या.

आता अपिलात लिहायचं काय? "पोरगा गरीब आहे, घरचा एकटा कमावता" हे मी टाइप करते, पण त्यावर आदेश सुटत नाही. त्यापेक्षा कलम ५९ ची नोटीस, म्हणजे आदेशाआधी आरोप कळवून उत्तर मागणारा कागद, आणि आदेश शेजारी-शेजारी ठेवा, बोट ठेवून वाचा. नोटिशीत नसलेला गुन्हा आदेशात घुसलाय का? सगळ्या केसेस एकाच गावातल्या, मग तडीपारी तीन जिल्ह्यांतून कशी? शेवटचा गुन्हा किती जुना? आणि गोपनीय जबाब, म्हणजे नाव न सांगता घेतलेल्या साक्षीदारांचे, नीट बघा. एकदा 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब' यांचे जबाब शब्दाला शब्द सारखे निघाले, "दहशद" हे चुकीचं स्पेलिंगसुद्धा दोन्हीकडं तेच! मुदतीचंही विचारा. जास्तीत जास्त दोन वर्षं घालता येतात, पण पूर्ण दोन का, याचं कारण आदेशात दिसलं पाहिजे. जालन्याच्या एका तडीपारीत सुप्रीम कोर्टानं २८ जानेवारी २०२२ ला जुने गुन्हे आणि कारण न देता घातलेली कमाल मुदत, या दोन्हींवर बोट ठेवून आदेश रद्द केला.

अपील फेटाळलं की मग कोर्ट. कलम ६१ नं कोर्टाची वाट बरीच अरुंद केलीय, पण हायकोर्टात रिट याचिका करता येते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठायला लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत. अपील न करता थेट गेलात, तर "आधी तिकडं का गेला नाहीत?" हा प्रश्न ठरलेला.

वकिलाकडं जाताना नोटीस, तिला दिलेलं उत्तर, आदेश, अपिलाचा निकाल एवढं न्या. आणि पोरगा ज्या केसेसमधून निर्दोष सुटला, त्यांचे निकाल. ते घरात कुठल्या तरी पिशवीत लाइट बिलांखाली असतात. शोधा.