डब्याचं झाकण आईला उघडतच नव्हतं

आई दिवसभर बिस्किटांवर असायची आणि जेवायला बसली की म्हणायची, "भूकच नाही गं." वय ७८, वजन हळूहळू उतरत चाललेलं. मी बदाम-अक्रोड आणून ठेवले. पंधरा दिवसांनी पाहते तर डबा तसाच भरलेला. मी चिडले, तेव्हा तिने काही न बोलता डबा माझ्यापुढे धरला. झाकण तिच्या बोटांनी फिरतच नव्हतं! आणि उघडलं असतं तरी कवळीने अख्खा बदाम चावणार कसा? बिस्किट मात्र दुधात बुडवलं की झालं. फार वाईट वाटलं मला.

आता बदामाची बारीक पूड करून दह्यात कालवते. कधी पिकलेलं केळं कुस्करून, कधी उकडलेल्या अंड्याच्या लहान फोडी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ५० किलोच्या आईला ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

खाणं जेवणाच्या दोन तास आधी, हलक्या वाटीत, तिच्या खुर्चीशेजारी. सोबत पाण्याचा पेला, कारण वयाबरोबर तहान कमी जाणवते. बिस्किटं बंद केली नाहीत, दोन देते. तेवढा आनंद तिच्याकडून का काढून घ्यायचा?

काल वाटी रिकामी करून म्हणाली, "उद्या जरा जास्त कालव."