तेलावरची ड्युटी वाढली की फायदा नेमका कुणाचा? हिशोब असा लावा

सप्टेंबर २०२४ ला ऐन गणपतीत केंद्राने खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली तेव्हा आमच्याकडे लातूर भागात सगळे म्हणाले की आता सोयाबीन क्विंटलला पाच हजाराच्या वर जाणार. पुण्याहून बहिणीचा फोन आला, दादा इथं तेलाची पिशवी एका रात्रीत महाग झाली. पिशवी महाग झाली हे खरं, पण ऑक्टोबरमध्ये आम्ही माल आडतीवर नेला तेव्हा पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, भाव लागला चार हजाराच्या आसपास, आणि त्या वर्षीचा हमीभाव होता ४८९२. तेव्हापासून मी ड्युटीची बातमी आली की स्वतः हिशोब मांडून बघतो, तो कसा मांडायचा ते सांगतो.

पहिलं म्हणजे खरा आकडा काढा. बातमीत आलं होतं कच्च्या तेलावर शून्यावरून २० टक्के. पण त्यात ५ टक्के कृषी सेस असतो, म्हणजे २५ झाले, आणि या २५ वर १० टक्के सरचार्ज म्हणजे अजून अडीच, एकूण साडेसत्तावीस टक्के. आधी हेच साडेपाच होतं. रिफाइंडवर १३.७५ चं ३५.७५ झालं. शिवाय हे टक्के ज्या किमतीवर लागतात ती टॅरिफ व्हॅल्यू सरकार दर पंधरवड्याला बदलतं, त्यामुळे बाहेरचा बाजार पडला किंवा डॉलर हलला की टक्के तेच राहून रुपये बदलतात.

आता मेन गोष्ट, आणि हीच बहुतेकजण सोडून देतात. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ किलो आणि पेंड, म्हणजे डीओसी, ८० किलोच्या आसपास. ड्युटी लागते तेलावर. समजा ड्युटीमुळे तेल किलोमागे २० रुपयांनी वाढलं, तर क्विंटलमागे मिलवाल्याला ३६० रुपये जास्त मिळाले. पण त्याच वेळी पेंड किलोमागे ५ रुपयांनी पडली तर ८० गुणिले ५ म्हणजे ४०० गेले. मग तो तुम्हाला भाव कुठून वाढवून देणार? त्या हंगामात पेंडीचं असंच झालं, कारण मक्यापासून इथेनॉल करताना जो डीडीजीएस उरतो तो पोल्ट्रीवाल्यांना पेंडीपेक्षा स्वस्त पडायला लागला. म्हणून बातमी तेलाची असली तरी पेंडीचा रेट आधी बघा.

मग ड्युटी चुकवून माल कुठून येतो ती भोकं शोधा. नेपाळमधून साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार, कराराखाली रिफाइंड तेल ड्युटी न भरता येतं, आणि ड्युटी वाढल्यावर तिकडून आवक जोरात वाढली. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकतच नाही, बाहेरचं कच्चं तेल तिथे रिफाइन होऊन इकडे येतं. असा मागचा दरवाजा उघडा असला तर पुढच्या दाराला कितीही मोठं कुलूप लावा, उपयोग नाही.

घरचा हिशोब सोपा आहे, महिन्याला ४ पिशव्या लागत असतील आणि पिशवीमागे २० रुपये वाढले तर वर्षाला ९६० रुपये. आपल्याला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, म्हणून दुकानात भाव लगेच चढतो. पण जुन्या स्टॉकचा भाव का वाढला हे दुकानदाराला जरूर विचारा, त्या सप्टेंबरमध्ये सरकारनेच सांगितलं होतं की कमी ड्युटीत आलेलं ३० लाख टन तेल देशात पडून आहे, दीड महिना पुरेल एवढं.

कच्चा माल कुणाचा तेही बघा. कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी ऑगस्ट २०२५ मध्ये माफ केली, सूतगिरण्यांना दिलासा मिळाला आणि विदर्भातला शेतकरी वेचणीच्या तोंडावर धास्तावला. माल एकच, पण एकाची ड्युटी दुसऱ्याचा खर्च असते. (कांद्यावर ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के लावलं ते निर्यात शुल्क होतं, त्याने इथला भाव पाडायचाच होता, दोन्हीची गल्लत करू नका.)

माझं मत विचाराल तर तेलावर ड्युटी हवीच, नाहीतर तेलबिया कोण पेरेल. पण सोबत हमीभावाची खरेदी वेळेवर पाहिजे. २०२४ ला खरेदीला १२ टक्के मॉश्चरची, म्हणजे दाण्यातल्या ओलाव्याची, अट होती, ती १५ केली तेव्हा निम्मा नोव्हेंबर उलटला होता आणि ज्यांना दिवाळीला पैसे लागत होते त्यांनी माल केव्हाच विकून टाकला होता.

शेवटी तारीख बघा, निर्णय पेरणीचं ठरण्याआधी आला की नंतर. कच्च्या तेलावरची ड्युटी २० वरून परत १० केली ती ३० मे २०२५ ला, सेस-सरचार्ज धरून साडेसोळा टक्के. रिफाइंडवर ३५.७५ तशीच ठेवली, म्हणजे इथल्या रिफायनरीवाल्याला बाहेरच्या रिफाइंडपासून चांगलं १९ टक्क्यांचं संरक्षण मिळालं. आणि आमच्याकडे तोवर सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडल्या होत्या, पाऊस पडायची वाट होती फक्त.