बेस गिटार घडवायला देण्याआधी, आणि तो हातात आल्यावर

पाच तारा हव्यात की चार, हे पहिल्यांदा ठरवा, आणि त्यासाठी ज्यांच्याबरोबर वाजवता त्या गायकांच्या पट्ट्या कागदावर लिहून काढा. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर पांढरी तीनचा. गाणं काळी एकमध्ये असेल तर मंद्राचा षड्ज त्यावर नाहीच. तो एक सप्तक वर घ्यावा लागतो आणि गाण्याचा पाया हलका पडतो. पाचवी तार पांढरी सातपर्यंत उतरते, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे सूर ठरवणारी धातूची आडवी पट्टी) काळी एक मिळते. निम्मी गाणी काळी एक, पांढरी दोन, काळी दोनमध्ये असतील तर पाच तारा घ्या. नसतील तर चारच बऱ्या, कारण पाचवी तार वजन आणि रुंदी दोन्ही वाढवते.

मग मापं. पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबक), खुंट्या, सर्किट पुढे कधीही बदलता येतं. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. ज्या बेसवर हात बसला आहे तो समोर घ्या आणि व्हर्नियरने मोजा: नटची (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी, ब्रिजवर (धडावर तारा टेकतात त्या भागावर) शेजारच्या दोन तारांच्या मध्यांतलं अंतर, पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी नेकची (दांडीची) जाडी. "जॅझ बेससारखी नेक" असं सांगून भागत नाही, "नट 38 मिलिमीटर" असं लिहून द्या. ब्रिजवर 19 मिलिमीटर अंतर स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवायला) मोकळं पडतं; पाच तारांना 17च्या आसपास घेतलं तर नेक मुठीत राहते.

स्केल, म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी, 34 इंच ही नेहमीची, 1951 सालच्या फेंडर प्रिसिजनपासून चालत आलेली. ती 35 केली तर त्याच तारेला त्याच सुरावर ताण सुमारे 6 टक्क्यांनी वाढतो, म्हणून खालची तार कमी ढिली लागते. बदल्यात पहिल्या चार फ्रेटवर बोटं जास्त फाकवावी लागतात आणि पुरेसा लांब तारांचा संच मिळतो का, हे ऑर्डरआधीच पाहावं लागतं. तारेचा पूर्ण जाडीचा भाग नट ओलांडून खुंटीकडे गेला पाहिजे. तो अलीकडेच निमुळता झाला तर ती तार दबकी वाजते.

तोलाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पट्ट्याचं वरचं बटण बाराव्या फ्रेटच्या रेषेत यावं आणि खुंट्या हलक्या असाव्यात, नाहीतर हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते आणि डाव्या हाताचं निम्मं बळ ती सावरण्यात जातं. वजन 4 किलोच्या आसपास मागा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर नेक तीन किंवा पाच पट्ट्या चिकटवून केलेली आणि आत कार्बनच्या दोन सळया घातलेली मागा. पावसाळ्यात ती कमी हलते. पुणे-सोलापूरकडे कोरड्या दिवसांत फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली फळी) आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचतात. नीट वाळवलेलं लाकूड हाच त्यावर इलाज. शिसव वापरली असेल तर तिची जात बिलावर लिहून घ्या. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांतल्या शिसवीला साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सूट आहे, पण ब्राझिलियन शिसवीला नाही.

ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारं) सर्किट घेतलंत तर बॅटरीविना वाजवता येईल असा पॅसिव्ह स्विच मागाच. 9 व्होल्टची बॅटरी संपली की भर गाण्यात आवाज जातो. जॅक लावलेला राहिला की बॅटरी चालूच राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा.

बेस ताब्यात घेताना प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर चटकन विझतो का, ते कान देऊन ऐका. हा मृत सूर लाकडाच्या कंपनातून येतो, सेटअपने, म्हणजे नेक आणि तारांच्या जुळवणीने, जात नाही. त्याबद्दल बोलायचं ते पैसे पूर्ण देण्याआधीच.

सेटअपचा क्रम मोडू नका, कारण आधीची पायरी पुढची बदलते. आधी सुरात लावा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली सुमारे 0.3 मिलिमीटर फट आहे का पाहा. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) पाव फेरा घट्ट करा, पुन्हा सुरात लावा, मगच पुढचा पाव फेरा. रॉड अडला तर जोर लावू नका. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, जाड बाजूला 2 ते 2.5 मिलिमीटर. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं, तेही नव्या तारांवर: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा.

पहिल्या तालमीला ट्रस रॉडची ॲलन की, जादा बॅटरी, दुसरी केबल आणि तारांचा एक संच बॅगेत असू द्या. 31 हर्ट्झचा खालचा सूर घरच्या छोट्या ॲम्पमध्ये धड ऐकूच येत नाही, तेव्हा पाचव्या तारेचा निर्णय मोठ्या स्पीकरवरच करा. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबली तर ब्रिजची अर्थ वायर ठीक आहे. माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा मांडवातल्या वायरिंगचा असतो. वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.