टक्के बेरजेत धरू नका

श्रावणात गोदाघाटावर छत्रीचा दांडा मानेत धरून पोकेमॉन गो हा मोबाईल गेम खेळणाऱ्यांत चाळिशी उलटलेली मी एकटीच. परवा क्योगर या पाण्याच्या पोकेमॉनच्या रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या लढाईला, भाचा म्हणाला, "मावशी, स्टॅबचे २० टक्के, पाण्यावर विजेचे ६०, पावसाचे २०, शॅडोचे २०. झाले १२०!" दिवसभर जीएसटीची बिलं भरते मी. म्हटलं, बाळा, इथे बेरीज नाही, गुणाकार.

मूव्ह म्हणजे पोकेमॉनचा वार; तो आणि पोकेमॉन एकाच टाईपचे (पाणी, वीज वगैरे) असले की १.२, हा स्टॅब. समोरच्याच्या कमजोरीवर मारलं तर १.६. शॅडो म्हणजे जास्त जोराने मारणारा प्रकार, त्याचे १.२. शॅडो रायकू या विजेच्या पोकेमॉनने क्योगरवर पावसात वाइल्ड चार्ज हा विजेचा मूव्ह मारला तर १.२ × १.६ × १.२ × १.२, म्हणजे साधारण २.७६. भाच्याच्या बेरजेने २.२ च आले असते. गटातल्या कुणी मेगा मॅनेक्ट्रिक (विजेच्या पोकेमॉनचं तात्पुरतं बलवान रूप) उतरवला की बाकीच्यांच्या विजेच्या मूव्हला आणखी १.३, म्हणजे ३.५९. दोघांनी दोन उतरवले तरी १.३ एकदाच मिळतो, म्हणून आधी बोलून घ्या. आमच्यात हे कुणी ऐकत नाही.

गॅराडोस हा पोकेमॉन पाणी आणि उड्डाण असा दुहेरी टाईपचा. त्याच्यावर वीज १.६ गुणिले १.६, म्हणजे २.५६. जमिनीच्या टाईपवर मात्र तीच वीज ०.३९ वर येते.

पावसाचं एक बघा. ज्याच्यावरून गोदेचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं तरी गेमला त्याचं काही नाही. नकाशावर वर उजवीकडे ढगाचं चिन्ह असेल तर विजेला काही मिळत नाही. आणि खरंच पावसाचं चिन्ह असलं तर क्योगरच्या पाण्याच्या मूव्हलाही तोच १.२ मिळतो. एकदा माझे सहाच्या सहा त्यात झोपले.

आता खरी मेख. मूव्हची ताकद, अटॅक भागिले डिफेन्स, सगळे बोनस आणि ०.५ यांचा गुणाकार करून गेम अपूर्णांक टाकून देतो, मग १ मिळवतो. समजा क्योगरवर साध्या (शॅडो नसलेल्या) रायकूचा ५ ताकदीचा थंडर शॉक हा विजेचा मूव्ह आहे आणि अटॅक भागिले डिफेन्स ०.६५. कोरड्यात स्टॅब आणि कमजोरी धरून येतात ३.१२, म्हणजे डॅमेज ४. पावसात ३.७४, तरी ४ च! वाइल्ड चार्जसारख्या दणक्यात हे जाणवत नाही, पण थंडर शॉकसारखे छोटे, झटपट फास्ट मूव्ह शेकड्याने पडतात. भागाकार ०.७० झाला की पावसात ४.०३ येतात आणि डॅमेज ५ होतं. पोकेमॉनची ताकद वाढवायला लागणारं स्टारडस्ट घालायचं ते इथे.

भाच्याचं सगळं एका शायनी मॅजिकार्पवर, म्हणजे वेगळ्या रंगाच्या एका दुबळ्या माशावर, गेलंय.