पाय बुटात आणि तिकिटं ऑर्लँडोची: निघायच्या आधी काय काय करायचं

तर झालं असं की फेब्रुवारीच्या शेवटी न्यू जर्सीत, एडिसनला, घरासमोरचा बर्फ काढायला गेले, मीठ टाकायचा कंटाळा केला, आणि धाडकन आडवी झाले. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला क्रॅक. आधी प्लास्टर, मग तो हाड जुळेपर्यंत घालायचा राखाडी रंगाचा गुडघ्यापर्यंतचा बूट. आणि पाच आठवड्यांवर स्प्रिंग ब्रेक, ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डचं सगळं बुकिंग झालेलं, नाशिकहून सासूसासरे आलेले, मुलं रोज कॅलेंडरवर फुल्या मारतायत. आता जायचं की नाही यावर घरात आठ दिवस खल झाला आणि शेवटी गेलो. जे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं ते लिहून ठेवतेय, कुणाचा ना कुणाचा पाय मोडत असतोच.

सगळ्यात आधी डॉक्टर, पण "जाऊ का?" एवढंच विचारून येऊ नका, कारण त्यावर डॉक्टर "जपून जा" म्हणतात आणि त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. नेमकं विचारा. पायावर भार टाकायचा का, किती टाकायचा, सलग किती मिनिटं उभं राहिलं तर चालेल, बूट झोपताना काढायचा का, झटके बसणाऱ्या राईड्स पूर्ण बंद की काही चालतील. आणि विमानाचं विचारा. प्लास्टर नुकतंच घातलं असेल तर आत सूज वाढायला जागा नसते, म्हणून पहिल्या ४८ तासांत उडायचं असेल तर प्लास्टर उभं चिरून देतात. पाय बांधलेला असताना तासन्‌तास बसून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, त्यासाठी गोळी लागेल का हेही त्यांनाच विचारायचं, मैत्रिणीच्या नवऱ्याला नाही. डॉक्टरच्या सहीचा एक कागद घ्या आणि अपंगांच्या पार्किंगच्या तात्पुरत्या प्लॅकार्डच्या अर्जावरही त्याच फेरीत सही मागून घ्या, ते प्लॅकार्ड लाल रंगाचं असतं, दुसऱ्या राज्यातलं असलं तरी फ्लोरिडात चालतं. मी लाजेपायी मागितलंच नव्हतं, मग नवऱ्याने विचारलं, "लाज कशाची, पाय काय नाटकाला बांधलायस का?"

आता मुख्य विषय, चाकं. माझा ठाम विचार होता की कुबड्यांवर जमेल, बूट आहे की, थोडं थोडं चालू. नाही जमत हो. मागच्या वेळी दोन्ही पाय धड असताना गेलो होतो तेव्हा फोनने दिवसाला २०,००० पावलं दाखवली होती. ती जागा १०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, चार वेगवेगळी पार्कं, आणि त्यातल्या एकट्या एपकॉटमध्ये तळ्याभोवतीच्या ११ देशांच्या दालनांना एक चक्कर मारायची म्हटलं तरी साधारण दोन किलोमीटर होतात, ते पण गेटपासून तळ्यापर्यंत गेल्यावर. कुबड्यांवर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले आणि काखेत असं सोलवटलं की रात्री ब्लाउजची बाही सहन होईना. त्यामुळे अर्धा दिवस वाया घालवू नका, पहिल्या तासापासून चाकं घ्या.

चाकं तीन प्रकारची. साधी ढकलायची व्हीलचेअर, बॅटरीवरची स्कूटर, आणि गुडघा टेकवून ढकलायची ती नी-स्कूटर. नी-स्कूटर घरात आणि ऑफिसात झकास, पण पार्कात मला पटली नाही. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ रस्त्यात आहेत, छोटी चाकं त्यात अडकतात, आणि अॅनिमल किंगडममध्ये आफ्रिका आणि आशियाच्या भागात रस्ते मुद्दाम ओबडधोबड केलेत, सायकलच्या चाकांच्या खुणासुद्धा सिमेंटमध्ये उमटवल्यात. दिसायला सुंदर, पण मोडलेल्या घोट्याला प्रत्येक खड्डा कळतो. शिवाय चांगल्या पायाचा गुडघा आणि कंबर दिवसभर तेवढी साथ देत नाही. रूळ मात्र व्हीलचेअरने सुद्धा तिरके ओलांडू नका, सरळ काटकोनात ओलांडा.

साधी व्हीलचेअर घ्यायची तर ढकलणारा कोण हे आधी ठरवा. आमच्याकडे नवरा एकटाच, सासऱ्यांचं वय ७१, मुलगा उत्साहाने ढकलतो आणि मध्येच पॉपकॉर्न बघून सोडून देतो. एपकॉटच्या तळ्यावरच्या फ्रान्सकडे जाणाऱ्या पुलाचा चढ नवऱ्याने एकदा चढवला आणि वर जाऊन काही बोलला नाही, फक्त पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर आली. स्कूटर पार्कातून भाड्याने मिळते, पण आगाऊ बुकिंग होत नाही, सकाळी पहिला येईल त्याला, सुट्ट्यांच्या दिवसांत लवकर संपतात, चालवणारा १८ वर्षांचा पाहिजे आणि ती पार्काच्या बाहेर नेता येत नाही. म्हणजे बस स्टॉपपासून गेटपर्यंत आणि रात्री गेटपासून बसपर्यंत तुम्ही परत लंगडतच, आणि नेमकी तीच वेळ जेव्हा पाय सगळ्यात जास्त ठणकत असतो. म्हणून चार-पाच दिवस असाल तर बाहेरच्या भाड्याच्या कंपनीकडून पूर्ण मुक्कामाची घ्या, एकूण हिशोब स्वस्त पडतो, आणि हॉटेलच्या खोलीपासून गाडी तुमची. बुक करताना ती हॉटेलात कुठे आणि कुणाच्या हातात देणार हे विचारून घ्या, कारण बऱ्याचदा घ्यायला तुम्हाला स्वतः हजर राहावं लागतं. रात्री खोलीत चार्जिंगला लावायची हे दात घासण्याइतकं पक्कं करा. आमची एक रात्र राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती मध्येच टीं टीं करत बसली. प्लग लावलेला होता, पण भिंतीवरचं सॉकेट दिव्याच्या बटणाशी जोडलेलं होतं आणि सासूबाईंनी वीज वाचवायला दिवा घालवला होता. त्यांना काही बोलायची सोय नाही. चार्जर लावल्यावर त्याचा छोटा दिवा पेटला का ते बघून मगच झोपा.

घरीच पार्किंग लॉटमध्ये कुणाची तरी मागून अर्धा तास चालवून बघा म्हणेन, पण मिळत नसेल तर निदान पहिल्या दिवशी हॉटेलच्या आवारात प्रॅक्टिस करा. वेग कासवावर ठेवा, समोर माणसं अचानक थांबतात, वर किल्ल्याकडे बघत. मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, चालत नाही, आमच्या धाकटीने यावर एक दिवस रुसवा धरला होता.

एक गैरसमज आत्ताच काढून टाका. आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन जणांनी कळवलं की अरे वा, आता तुम्हाला लाईन नाही, सरळ आत! असं काही नाही. बहुतेक रांगा इतक्या रुंद केल्यात की व्हीलचेअर आणि स्कूटर त्याच रांगेतून सगळ्यांबरोबर जाते. रांगेत उभंच राहता येत नाही अशांसाठी डीएएस म्हणून वेगळी सोय आहे, पण २०२४ पासून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी आहे, मोडलेला पाय त्यात बसत नाही कारण पायाला उत्तर चाकं आहेत. मला हे ठीकच वाटतं. रांग कमी करायची तर सगळ्यांसारखे पैसे भरून लायटनिंग लेन घ्या, किंवा सकाळी गेट उघडताना पोचा. रायडर स्विच मात्र विचारून ठेवा. ज्या मुलाला राईड करता येत नाही त्याच्यापाशी एक मोठा माणूस थांबतो, बाकीचे आधी जाऊन येतात आणि मग तो थांबलेला माणूस परत पूर्ण रांग न लावता जातो. आमच्याकडे धाकटीची उंची कमी पडत होती, त्यामुळे मी आणि ती बाहेर बाकावर, आणि तिथे आमच्या दोघींचा जो भेंड्यांचा खेळ रंगला त्याला तोड नाही.

राईड्सची यादी घरी बसून करा, डिस्नेच्या अॅपमध्ये प्रत्येक राईडखाली लिहिलेलं असतं. काहींमध्ये व्हीलचेअरवर बसूनच जाता येतं, काहींमध्ये खुर्चीतून उठून सीटवर सरकावं लागतं, आणि काहींमध्ये स्वतःच्या पायांनी चालता आलंच पाहिजे. हा तिसरा प्रकार फसवा. पीटर पॅनची राईड किती साधी, पण चढायची पट्टी सरकती असते, तिच्यावर चालत चालत बसायचं. एपकॉटच्या त्या मोठ्या गोळ्याच्या आतली राईड पण तशीच. आणि राईड मध्येच बंद पडली तर जिन्याने उतरावं लागू शकतं, म्हणून अट असते, उगीच नाही. याउलट किलिमांजारो सफारीत खुर्चीसकट गाडीत जाता येतं, इट्स अ स्मॉल वर्ल्डला खुर्चीची वेगळी बोट असते. फक्त लक्षात घ्या, स्कूटरवर असाल तर अशा ठिकाणी तिच्यावरून उठून साध्या व्हीलचेअरवर बसावं लागतं, ती तिथेच मागायची. ट्रॉन आणि अवतारवाली फ्लाइट ऑफ पॅसेज, या दोन्हींत मोटरसायकलसारखं बसवतात आणि पोटऱ्यांना मागून अडकवतात. बूट घालून त्यात पाय कोंबायचा विचार पण करू नका. मी या दोन्हींवर फुली मारली आणि वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शो मात्र सगळे चालतात, बरेचसे थंडगार एसीत पाय वर करून. सासूबाई आणि मी फिलहारमॅजिक दोनदा पाहिला.

हॉटेल बुक झालेलं असलं तरी फोन करा. खोली लिफ्टजवळ किंवा तळमजल्यावर, बस स्टॉपच्या बाजूची, आणि बाथरूम. सगळं घोडं बाथरूमपाशीच अडतं. टबाच्या कडेवरून एका पायावर पलीकडे जाणं म्हणजे ओल्या फरशीवर लंगडी खेळणं. उंबरा नसलेला शॉवर आणि धरायला दांडे असलेली खोली मागा, ती नसेल तर आंघोळीची खुर्ची मागा. प्लास्टर असेल तर त्यावर घालायचं रबरी कव्हर घरून न्या. कचऱ्याची पिशवी आणि चिकटपट्टीवाला आपला देशी उपाय एक दिवस टिकतो, दुसऱ्या दिवशी आत पाणी जातं. हेच कव्हर पावसाला उपयोगी. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिथे दुपारी ढग दाटून येतात आणि अर्धा-पाऊण तास धो धो कोसळतो, तेव्हा स्कूटरच्या हँडलवरच्या बटणांवर टाकायला पण एक पिशवी ठेवा.

जायची यायची सोय जरा विचार करून ठरवा. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलं तर पार्किंग गेटपाशी नाहीच, तिथून पुढे मोनोरेल नाहीतर बोट. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र थेट गेटजवळ सोडते. बसला रॅम्प असतो, ड्रायव्हर स्कूटर पट्ट्यांनी बांधून देतो, पण एका बसमध्ये अशा जागा दोनच, म्हणून रात्री आतषबाजी संपल्या संपल्या सगळ्यांबरोबर धावू नका. त्या गर्दीत तुमची नजर लोकांच्या कंबरेच्या उंचीवर असते आणि कुणालाच तुम्ही दिसत नाही. आइस्क्रीम घ्या, अर्धा तास बसा, मग निघा. स्कायलायनरचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, पाळणे चालत्या दोरावर असतात पण चाकवाल्यांसाठी बाजूला थांबवलेला पाळणा मिळतो, घाबरायचं कारण नाही.

रोजच्या बॅगेत काय, तर पायाखाली घ्यायला एक छोटी उशी, दुसऱ्या पायाला जुना, सवयीचा, जरा जाड तळव्याचा बूट, कारण वॉकिंग बूट उंच असतो आणि उंची सारखी नसली की तिसऱ्या दिवशी कंबर धरते. दोन जादा सुती मोजे, बुटात घाम फार येतो. गोळ्या वेळेनुसार छोट्या डबीत. झिपची रिकामी पिशवी, बर्फासाठी. प्रत्येक पार्कात फर्स्ट एड आहे, नर्स असतात, आडवं पडायला जागा मिळते, तिथे मी रोज दुपारी तीनला पाय उंच करून वीस मिनिटं पडायचे आणि संध्याकाळ त्यावरच निघायची. घडीची खुर्ची नेऊ नका, आत सोडत नाहीत. खायचं घरचं नेता येतं. आमच्याकडे दशम्या, चटणी आणि लाडू होते, कारण कुबड्यांवर ट्रे धरता येत नाही आणि दर वेळी दुसऱ्याला रांगेत पाठवायला जीवावर येतं. पाणी विकत घेऊ नका, काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट देतात.

आणि दिवसाचं गणित घरच्यांशी आधी बोला. आम्ही ठरवलं, सकाळी चार तास, दुपारी खोलीवर, संध्याकाळी जमलं तर परत, आणि चारपैकी तीनच पार्कं. मोठ्या मुलाने तोंड फुगवलं, पण निघायच्या आधी फुगवलं ते बरं झालं.

विमानाचं राहिलंच. तिकिटात व्हीलचेअर टाका, हे आपल्या लोकांना सांगायची गरज नाही, मुंबईची फ्लाइट लागली की गेटबाहेर खुर्च्यांची जी माळ लागते ती बघितलीय सगळ्यांनी. बांधलेला पाय बाहेर येईल अशी आइलची सीट घ्या, पण ट्रॉली पायावर येणार नाही ती बाजू बघून. इमर्जन्सी एक्झिटच्या ओळीत पाय पसरायला जागा असते म्हणून ती मागू नका, अशा पायाने तिथे बसू देत नाहीत. ढकलणाऱ्याला द्यायला पाच-पाच डॉलरच्या नोटा वरच्या खिशात ठेवा. आणि परतीच्या तिकिटावर व्हीलचेअर वेगळी टाकलीय ना ते बघा. आमच्याकडे जाताना तिघांच्या नावावर होत्या आणि येताना फक्त सासूसासऱ्यांच्या. न्यूअर्कला उतरलो तर खुर्च्या दोन. सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बस गं, मला काय झालंय," आणि हातातली माझी कुबडी टेकवत पुढे चालायला लागले.