सॉफ्टवेअरवर चालणारी गाडी दुरुस्त करताना किंवा बदलताना मालकाने काय पाहावे

आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दिवे आणि दारांची कुलुपे यांसाठी स्वतंत्र कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, असतात आणि ती कॅन बस नावाच्या जाळ्यातून एकमेकांना सतत संदेश पाठवत असतात. गाडी कागदोपत्री आपल्या नावावर असली, तरी या युनिटांमधल्या सॉफ्टवेअरवर कंपनी स्वतःचा हक्क राखून ठेवते, आणि त्यामुळे साधी दुरुस्तीही कधी कधी अडून बसते. अशा वेळी मालकाने तीन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत. सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची कायदेशीर मुभा आहे का, बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येते का, आणि पुढे काही बिघडल्यास खर्च कोणी करायचा, हे ते तीन प्रश्न. यांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून उरलेल्या दोघांचेही तेच येईल, असे धरून चालणाऱ्यांची फजिती ठरलेली असते.

पहिला प्रश्न कॉपीराइटचा आहे. अमेरिकेत 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याच्या कलम 1201 ने डिजिटल कुलपे तोडण्यास मनाई केली. मोटारीतील बिघाड शोधणे, दुरुस्ती करणे आणि कायद्यात बसणारा बदल करणे यांसाठी त्या मनाईतून 2015 मध्ये सूट मिळाली. दर तीन वर्षांनी या सुटींचा फेरविचार होतो, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये. ही सूट कुलूप उघडण्याच्या कृतीपुरती आहे. ते उघडण्याची साधने बनवून विकण्याला ती लागू नाही, आणि प्रदूषणाचे किंवा सुरक्षिततेचे नियम मोडण्याला तर नाहीच.

माहिती मिळण्याचा हक्क हा याच्याशी जोडलेला, पण वेगळा विषय आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला आणि 2020 मध्ये गाडीतून बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीपर्यंत तो वाढवला. युरोपीय संघाचा 2018/858 हा नियम स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणे निर्मात्यांवर बंधनकारक करतो. ऑस्ट्रेलियात अशीच योजना 1 जुलै 2022 पासून लागू आहे. भारतात स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या दाद मागायला वर गेल्या, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे यांपैकी काय लागू आहे, हे गाडीला हात लावण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात नोंदीपासून करावी. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूस सोळा पिनांचे ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीने स्वतः टिपलेले बिघाड बाहेरून वाचण्याची जागा, असते. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून ते सक्तीचे झाले. त्याला स्कॅनर जोडून सर्व युनिटांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचावेत, अहवाल तारखेसह जपून ठेवावा आणि तोपर्यंत एकही कोड पुसू नये. कोड पुसला की बिघाड घडला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार दाखवणारी फ्रीझ फ्रेमही जाते. शिवाय प्रदूषणविषयक स्वयंचाचण्या नव्याने सुरू होतात आणि त्या पूर्ण होईपर्यंत काही ठिकाणी गाडी तपासणीत उत्तीर्णच होत नाही. डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझला म्हणून खूश होणाऱ्या मालकाला हे सहसा उशिरा कळते.

पी0420 हा कोड उदाहरणादाखल घेऊ. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे तो सांगतो, आणि तेवढ्यावरून हा महागडा भाग बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. पण कोड म्हणजे निदान नव्हे. कन्व्हर्टर नीट काम करत असेल, तर त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बराचसा स्थिर राहतो. पुढच्या सेन्सरप्रमाणे तोही भराभर वरखाली होऊ लागला, तर कन्व्हर्टरवर संशय घेण्यास जागा आहे. मात्र एक्झॉस्टच्या सांध्यातून हवा आत शिरत असेल किंवा सेन्सरच थकला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. म्हणून स्कॅनरवरचा थेट आलेख मेकॅनिकसोबत पाहण्याचा आग्रह मालकाने धरावा. दुरुस्तीच्या हक्काचा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे.

त्यानंतर सुट्या भागांचा प्रश्न येतो. समजा, अपघातानंतर दुसऱ्या गाडीतून काढलेला हेडलॅम्प बसवला. तो खाचेत अचूक बसला, कनेक्टर जुळला, वायरीत वीजही आहे, तरी दिवा नीट चालत नाही, कारण त्यातले कंट्रोल युनिट अजून त्या दुसऱ्या गाडीच्या चासी क्रमांकाशी बांधलेले आहे. अशा भागाचे कोडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधून नव्या गाडीशी जुळणी, करावे लागते. भाग विकत घेण्याआधीच विक्रेत्याला आणि गॅरेजला तीन गोष्टी विचाराव्यात: कोडिंग लागते का, ते स्वतंत्र गॅरेजला करता येते का, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते का. विंडस्क्रीन बदलल्यावर त्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा रोख पुन्हा अचूक जुळवण्याचे काम, करावे लागते का, हेही याच यादीत घ्यावे. चुकीच्या कोनात बसलेला कॅमेरा चालकाला मदत करण्याऐवजी भलत्याच क्षणी ब्रेक लावू शकतो.

सॉफ्टवेअर नव्याने भरायचे असेल, म्हणजे युनिट फ्लॅश करायचे असेल, तर मूळ फाइलची प्रत आधी काढून घ्यावी आणि ती मालकाच्या ताब्यात असावी, फक्त गॅरेजच्या संगणकात नव्हे. काम चालू असताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा पुरवठा जोडलेला असावा. मध्येच व्होल्टेज पडला, तर युनिट निकामी होऊ शकते.

बदलांच्या बाबतीत सौम्य भाषा वापरण्यात अर्थ नाही. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर किंवा धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी ईजीआर यंत्रणा सॉफ्टवेअरमधून बंद करणे हे दुरुस्तीच्या हक्कात बसत नाही. गाडी स्वतःची आहे, हा युक्तिवाद तिथे टिकत नाही, कारण धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो. तपासणीच्या वेळी प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर खुद्द फोक्सवॅगनने वापरल्याचे 2015 मध्ये उघड झाले, तेव्हा निर्मातेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. तरी त्यामुळे मालकाला मोकळीक मिळत नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील, असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाची शक्ती वाढवणारा रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधला बदल, करण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा असा नियम शोधून वाचावा, आणि क्लच, ब्रेक व टायर तो भार पेलतील का, हे लेखी विचारावे. एअरबॅग, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या सॉफ्टवेअरला हौसेखातर हात लावूच नये. विजेवरच्या गाडीतील नारिंगी केबल म्हणजे उच्च व्होल्टेज. ते काम फक्त प्रशिक्षित माणसाचे.

वॉरंटीविषयी मात्र उगाच भीती घातली जाते. अमेरिकेचा 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा सांगतो की बाहेरचा भाग लावला किंवा बाहेरून सर्व्हिसिंग करून घेतले, एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाल्याचे कंपनीला दाखवून द्यावे लागते. रिमॅप केलेल्या इंजिनाचा टर्बो गेला, तर ते दाखवणे तिला सोपे असते, कारण किती वेळा फ्लॅश झाले याची नोंद बऱ्याच युनिटांमध्ये राहते. विमा कंपनीला बदल आधीच लेखी कळवावा. अपघातानंतर दिलेला खुलासा फारसा उपयोगी पडत नाही.

सर्व्हिस सेंटरने काम किंवा माहिती नाकारली, तर तोंडी वाद घालण्यापेक्षा नकार जॉब कार्डवर कारणासह लिहून मागावा. कोणता भाग, कोणता कोड, कोणती माहिती आणि कोणत्या नियमाखाली ती मागितली, हे नमूद करून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र पाठवावे आणि उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी. उत्तर न आल्यास तेच पत्र आणि स्कॅनचा पहिला अहवाल जोडून ग्राहक किंवा स्पर्धा नियामकाकडे तक्रार करता येते. गाडी विकताना मूळ फाइल आणि केलेल्या बदलांची नोंद खरेदीदाराला द्यावी, आणि गाडीच्या ॲपमधून आपले खाते काढून टाकावे. ते राहिले, तर नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे, हे आपल्याला दिसत राहते.