गाडीचं मीटर बंद पडलं? नवं मीटर घेण्याआधी या चुका टाळा

दुचाकी पळतेय आणि वेगाचा काटा शून्यावर झोपलाय, असं झालं की बहुतेकांचा संशय थेट मीटरवर जातो. बिघाड दिसतो तिथे, म्हणून तो असणारही तिथेच, असा समज. मीटर मात्र रांगेत शेवटचं आहे. आधी चाकाजवळचा गिअर, मग वर येणारी केबल किंवा वेग टिपणाऱ्या सेन्सरची वायर, आणि त्यानंतर मीटर. झीज, पाणी, चिखल यांचा मारा खालच्या दोघांवर जास्त, आणि ते भाग स्वस्तही असतात. त्यामुळे शोध चाकापासून सुरू करून वर यायचं.

लक्षण न पाहता पाना उचलणं

केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये काटा आणि किलोमीटरचे आकडे एकाच फिरत्या दांड्यावर चालतात, पण दोघांची तऱ्हा वेगळी. आकड्यांना दातेरी चाकं फिरवतात. काट्याला तसा कुठलाही दाता नसतो. दांड्यावरचं चुंबक फिरतं, त्याला न टेकता बसवलेली ॲल्युमिनियमची वाटी त्याच्या ओढीने वळू पाहते, आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग जिथे सारख्या होतात तिथे काटा थांबतो.

एवढं लक्षात असलं तर अर्धं निदान काहीही न खोलता होतं. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर केबल तुटली, निसटली किंवा चाकाजवळचा गिअर गेला. आकडे पुढे सरकतायत पण काटा मेलाय, तर केबल ठीक आहे, दोष मीटरच्या आत. काटा चालतो आणि आकडे थांबलेत, तर आतला प्लास्टिकचा गिअर झिजलाय. काटा थरथरतो किंवा किरकिर आवाज येतो तेव्हा बहुधा केबल कोरडी असते, नाहीतर कुठेतरी मुरडलेली. आणि काटा उसळी मारून टोकाला जाऊन बसत असेल तर ग्रीस मीटरमध्ये शिरलंय. चुंबक आणि वाटी त्यात एकमेकांना चिकटून फिरतायत.

तपासणी न करता केबल बदलणं

गाडी सेंटर स्टँडवर घ्या आणि मागून कुणाला तरी दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मीटरमागचा गोल नट सोडवून केबल खाली ओढा. चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि आतल्या तारेच्या चौकोनी टोकाकडे पाहा. टोक फिरलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. ते दोन बोटांत हलकं धरून चाक पुन्हा फिरवा. तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांना घासत मोकळी फिरू शकतात. हलकासा भार आला की थांबतात.

टोक थांबलं किंवा फिरलंच नाही तर तार वर ओढून काढा. (काही गाड्यांत ती खालच्या टोकाकडूनच निघते, तेव्हा केबल चाकाकडूनही सोडवावी लागते.) अर्धीच हातात आली तर उत्तर मिळालं. अख्खी आली आणि टोकाचे कोन शाबूत असतील तर दोष चाकाजवळच्या गिअरमध्ये. कोन घासून गोल झाले असतील तर टोक खाचेत नुसतं घसरत असतं. काही केबलींची आतली तार वेगळी मिळते, पण लांबी आणि टोकाचा आकार जुन्याशी ताडूनच घ्या. तार लांब पडली तर मीटरच्या दांड्याला खालून ढोसत राहते, आखूड पडली तर खाचेपर्यंत पोहोचत नाही.

नवी केबल चार दिवसांत तुटते तेव्हा दोष केबलच्या माथी मारला जातो. खरा दोषी बऱ्याचदा वर बसलेला असतो: मीटरचा दांडा जाम झालेला. म्हणून नवी केबल जोडण्याआधी जुन्या तारेचा वरचा तुकडा मीटरच्या तोंडात घालून बोटांनी फिरवा. अडखळत असेल तर दांड्याच्या बुशावर (दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यावर) शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एकच थेंब सोडा, दांडा फिरवत राहा, वरचं तेल पुसून घ्या. दोन थेंब म्हणजे जास्त.

ड्रिल मशीन असेल तर मीटर बाहेर काढून तपासता येतं. जुन्या तारेचा वीतभर तुकडा ड्रिलच्या जबड्यात (चकमध्ये) पकडा, टोक मीटरमध्ये घाला आणि अगदी सावकाश फिरवा. डायलवर बारीक अक्षरांत १४०० असा आकडा छापलेला असेल तर तो किलोमीटरमागे तारेचे किती फेरे, ते सांगतो. ६० च्या वेगाने १ किलोमीटरला १ मिनिट लागतं, म्हणजे मिनिटाला १४०० फेऱ्यांवर काटा ६० दाखवायला हवा. दिशेची मात्र खबरदारी घ्या. केबलचं टोक चाकावर तपासताना समोरून पाहिलेलं असतं आणि ड्रिल आपण मागून पाहतो, त्यामुळे तीच दिशा उलटी दिसते. ड्रिलमधल्या तारेचं टोक आधी स्वतःकडे वळवून दिशा जुळवा, मग मीटरला लावा. उलटं फिरवलं की काटा शून्याच्या खिळीवर रेटला जातो.

केबलला ग्रीसने न्हाऊ घालणं

सगळ्यात जास्त मीटरं याच चुकीने जातात. फिरणारी पिळाची तार स्क्रूसारखं काम करते आणि जास्तीचं ग्रीस हळूहळू वर चढवते. तार रॉकेलने धुवा, कोरडी पुसा, कापड धरून सरळ ओढा. कापड अडकलं तर तिथे धागा उसवलाय, ती तार टाकून द्या. मग खालच्या दोन तृतीयांश भागाला हलक्या ग्रीसचा बोटाने पुसल्यासारखा थर द्या. वरचे १५ ते २० सेंटिमीटर कोरडेच ठेवा. दाट ग्रीस नको, थंडीत ते घट्ट होतं आणि काटा नाचू लागतो.

चाकाजवळच्या गिअरलाही ग्रीस लागतं, पण ड्रम ब्रेकच्या गाडीत तिथलं जास्तीचं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जातं. मीटर दुरुस्त करताना ब्रेक घालवून बसू नका.

पंक्चर काढल्यावर चाक घाईत बसवणं

काल चाक काढलं आणि आज मीटर बंद, तर आणखी काही शोधायची गरज नाही. गिअरच्या रिंगला दोन कान असतात आणि ते हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, खाचांत बसावे लागतात. कान खाचेबाहेर असताना ॲक्सल (चाकाचा आस) आवळला की ते वाकतात किंवा तुटतात. गिअरचा डबा हाताने हळू फिरवत दाबा. कान खाचेत पडले की डबा आत बसल्याचं जाणवतं. डब्यावरचा खांब किंवा खाच फोर्कवरच्या अटकावाशी जुळली पाहिजे, नाहीतर चाकाबरोबर डबा फिरू पाहतो आणि केबल ओढली जाते. ॲक्सल थोडा आवळा, चाक फिरवून केबलचं वरचं टोक फिरतंय ना ते पाहा, आणि मगच पूर्ण आवळा.

केबलच्या मार्गाचंही तेच. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. केबल ताणली जात असेल किंवा कुठे काटकोनात मुरडत असेल तर नवी तारही तिथेच तुटणार.

डिजिटल मीटर लगेच निकालात काढणं

पडद्यावर काहीच येत नसेल तर आधी फ्यूज आणि अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) तपासा. बाकी सगळं दिसतंय, फक्त वेग शून्य, तर आधी सेन्सर. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत पेटला असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याच्यासमोरची दातेरी रिंग पाहा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुसा चिकटलेला असतो. नुसतं पुसल्याने गाडी मार्गी लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तीन वायरींच्या सेन्सरमध्ये एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. कुठली कुठली ते गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून ठरवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कपलर (वायरींचा जोड) सोडवून सिग्नल मोजणं. अनेक सेन्सर सिग्नलची वायर फक्त अर्थला खेचतात, वरचा व्होल्टेज मीटरकडून येतो. कपलर सुटला की चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. कपलर जोडलेलाच ठेवा, मागून वायरच्या कडेने बारीक टाचणी सरकवा. वायरच्या प्लास्टिकला भोक पाडू नका, तिथून पाणी शिरतं. चावी चालू करून सप्लाय आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. मग चाक अगदी हळू फिरवा. सिग्नल वर-खाली होत असेल तर सेन्सर ठीक, मीटरपर्यंतची वायर तपासा. एकाच जागी अडकला असेल तर सेन्सर, किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली. वेग मध्येच येतो-जातो तेव्हा हँडलच्या मानेजवळची वायर हलवून बघा, रोज वळून वळून तीच आतून तुटते.

चांगलं मीटर बिघडलेलं समजणं

जीपीएसवर ५० आणि मीटरवर ५४, हा दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं, थोडं जास्त चालतं. कमी दाखवत असेल तर मात्र कारण शोधा. सेन्सर गिअरबॉक्सवर असेल आणि पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १४ ऐवजी १५ दात्यांचं बसवलं असेल, तर मीटरवर ६० असताना गाडी ६४ च्या वर असते. चाकावरून चालणाऱ्या मीटरला स्प्रॉकेटने फरक पडत नाही, पण त्या चाकाचा टायर मोठा झाला की पडतो.

मीटर खोललंच तर

काटा उपटण्याआधी तो शून्याच्या खिळीवरून अलगद उचलून पलीकडे सोडा आणि मोकळा जिथे थांबतो तिथे चिकटपट्टीवर खूण करा. परत बसवताना ती खूण हवी, नाहीतर सगळे वेग चुकतील. बारीक स्प्रिंगला बोट लावायचं नाही. आत गंज सोडवणारा स्प्रे मारायचा नाही, तेलावर धूळ बसते. बंद करताना खालचं श्वासाचं भोक सिलिकॉनने बुजवू नका; ओल अडकून काच आतून धुरकट होते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन डिजिटल मीटरला तर वापरूच नका, त्याच्या वाफेने तांबं गंजतं. आणि मीटर बदलावंच लागलं तर काढण्याआधी जुन्या आकड्याचा फोटो घ्या, तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढचा ऑइल बदल त्याच हिशोबावर असतो.